केंट ब्रॉकमनची बाजू

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतला वृत्तनिवेदक केंट ब्रॉकमन तुला नुसता बावळट वाटतो, हे वाचून राहवलं नाही. अरे, बावळट तो होमर, सिम्प्सनांच्या घरचा बाप! केंट पक्का व्यवहारी आहे, फक्त घाई जरा जास्त.

१९९४ चा अंतराळवारीचा भाग आठव. यानात होमर वेफर्सची पिशवी फोडतो, पुढच्या गोंधळात प्रयोगासाठी नेलेल्या मुंग्यांची पेटी फुटते आणि एक मुंगी तरंगत थेट कॅमेऱ्यासमोर येते. पडद्यावर ती हत्तीएवढी. झालं! चॅनल ६ वर केंट सांगून मोकळा, की यान महाकाय मुंग्यांनी ताब्यात घेतलंय. इथवर मी त्याला माफ करतो. पण त्याच दमात तो नव्या मालकांचं स्वागत करतो, आणि त्यांच्या साखरेच्या भुयारांत राबायला माणसं गोळा करून द्यायलाही तयार होतो. कुणी मागितलं होतं रे? यान वाचल्यावर मात्र ‘आपलं मानवी सरकारच बरं, निदान सध्या तरी’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो आणि मागे लावलेली मुंग्यांच्या जयजयकाराची पाटी टरकन फाडतो. आवाज दोन्ही वेळेला तोच, भारदस्त.

खरी गंमत त्या आवाजातच आहे. केंटला आवाज देणारा नट हॅरी शिअरर याच मालिकेतल्या मिस्टर बर्न्स आणि फ्लँडर्सलाही आवाज देतो, पण तिथे त्याला आवाज वाकवावा लागतो. इथे तो तसलं काही करत नाही. लॉस एंजेलिसच्या बातम्यांमध्ये शोभेल असा गंभीर सूर लावतो आणि हसायचं काम आपल्यावर सोडतो. आपल्याकडे मागे ढोल वाजवून बातमी ओरडणाऱ्यांना हे कोण शिकवणार, देव जाणे.

१९९२ च्या भागात तर तेरा कोटी डॉलरची लॉटरी त्यालाच लागते, तीही आकडे वाचता वाचता! गडी टेबल सोडून पसार.

पण मला सगळ्यात आवडतो तो २००७ चा, मालिकेचा ४०० वा भाग. होमरच्या धक्क्याने गरम कॉफी मांडीवर सांडते, थेट प्रक्षेपणात केंटच्या तोंडून शिवी जाते आणि शेवटी नोकरीही. मग तो सिम्प्सनांच्या घरी राहायला येतो. होमरची मुलगी लिसा त्याला इंटरनेटवरून खरं बोलायला लावते आणि तो बोलतोही छान, अगदी मनापासून. आता हा सुधारला असं वाटेपर्यंत चॅनलवाले पगार वाढवून बोलावतात, आणि हा निघाला! लिसाचा चेहरा बघवत नाही. लेखकांनी त्याला शहाणा केला नाही, हे फार बरं केलं.

तेव्हा आधी मुंग्यांचा भाग पुन्हा बघ, मग २००७ चा. त्यानंतरही बावळटच वाटला तर सविस्तर लिही, भांडू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश