सोलंगच्या बर्फासोबत नग्गरही पाहावे

माननीय संपादक महोदय,

हिवाळ्यात वडोदऱ्याहून स्कीइंगसाठी सोलंगला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक दिवस मनालीपासून सुमारे २० किलोमीटरवरील नग्गरसाठी अवश्य राखून ठेवावा. कुलूच्या राजांच्या या जुन्या राजधानीतील गढीच्या भिंतींत देवदाराच्या तुळया आणि दगडांचे थर चुन्याशिवाय, आलटूनपालटून रचलेले असून, १९०५ च्या कांगडा भूकंपातही ती गढी टिकली. त्या तुळयांवरून हात फिरवताना मला दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्याचे खांब आठवले. चित्रकार निकोलाय रोरिक यांचे घरही तेथेच आहे. परंतु आमच्या सहल-संयोजकांनी अर्ध्या तासातच सर्वांना बसमध्ये बसवल्याने ते राहून गेले. संयोजकांनी नग्गरला पूर्ण दिवस द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, वडोदरा