पक्या, मागचा टायर संपलाय

नाशिक,
रविवार रात्र

प्रिय पक्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि हा विषय मला पुरा करायचाय. दिवाळीच्या तुझ्या मेसेजला मी नुसते हात जोडून मोकळा झालो, हे खरं. माझ्या वाढदिवसाला तुझ्याकडून तेवढंही आलं नव्हतं. फिट्टंफाट.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर तशीच.

तर बातमी अशी, की माझ्या व्ही-स्ट्रॉम बाइकचा मागचा टायर टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे आता बदला असं सांगणाऱ्या झिजेच्या खुणेला टेकला. घरी सांगितलं तर सुजाता म्हणाली, "मग नवा टाका की." ऑफिसात सांगितलं तर एकाने विचारलं, रिमोल्ड होत नाही का, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवून? अशा लोकांत दिवस काढतोय. म्हणून म्हटलं पक्याला लिहावं, त्याला तरी झोप उडाल्याचं कारण कळेल.

टायर सारखा झिजला असता तर एवढं वाटलं नसतं. कडेची नक्षी अजून कोरी करकरीत, आणि मधोमध सपाट पाट. मुंबई-आग्रा हायवेने मालेगाव-धुळे सरळ मारत राहिलं की असंच होणार. परवा सप्तशृंगीच्या घाटात वळणावर गाडी आधी आत यायला नाही म्हणते आणि मग एकदम कलंडल्यासारखी आत पडते. तू म्हणशील, गाडी वाकवायला शीक म्हणजे कडाही झिजतील. वाकवून काय होतं ते आपण कसाऱ्याला बघितलंय. त्यावर येतोच.

आधी बाजाराचं ऐक. टायरचं माप पुढे ११०/८० आर १९, मागे १५०/७० आर १७, हे आकडे तुलाही पाठ असतील. इथे नाशकात द्वारकेपासून पाथर्डी फाट्यापर्यंत ज्याला ज्याला मागचा आकडा सांगितला, त्याने आधी माझ्याकडे आणि मग गाडीकडे बघितलं. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ वाला माप घेऊन गेला की समोर चार टायर येतात. आपल्या मापाला "मागवावा लागेल साहेब, ॲडव्हान्स द्या." जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांची आयात 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय माल आणता येत नाही, आणि बाहेरच्या टायरलाही आयएसआय लागतो. त्यामुळे दुकानात तुला हवा तो टायर नसतो, असेल तो हवा म्हणायचा असतो. बरं एकच झालं, सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आणि गंमत बघ, सातपूरला सीएटचा टायर कारखाना, त्याच्या वासात आपण मोठे झालो, नि मी रात्री दीडला जर्मन टायरची माहिती वाचत बसलोय.

एकाने टायर काढून दाखवलाही. चकचकीत, काळाभोर, भावही बरा. मी वाकून बाजूला छापलेला डॉटचा आकडा बघितला, टायर कधी बनला ते सांगणारा. शेवटचे चार अंक, पहिले दोन आठवड्याचे नि नंतरचे दोन सालाचे. टायर पाच वर्षांपूर्वीचा. म्हटलं हा तर माझ्या शुगरपेक्षा जुना. तर म्हणतो, "वापरलेला नाहीये ना साहेब, नवाच आहे." पॉलिशखाली साइडवॉलला बारीक केसासारख्या भेगा होत्या. उठलो. दुकानाचं नाव कळलं की तू फोन करून भांडशील, म्हणून लिहीत नाही.

आता खरी काळजी. मुक्ताला ऑगस्टपासून पुण्याला नोकरी आहे. त्याआधी तिला हिमाचलातलं स्पिती करायचंय. माझ्या मागे बसून. मैत्रिणी नाहीत, ग्रुप नाही, बाबा आणि ती. तुला सांगतो, हे ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवून आलो. सुजाताला अजून फक्त "शिमल्याला जातोय" एवढंच माहीत आहे, तेव्हा वहिनींजवळ बोलू नकोस. तुझ्याकडची बातमी इकडे पोचायला हल्ली दहा मिनिटं लागतात.

जूनमध्ये निघायचं, किन्नौरवरून चढायचं, कुंझुमची खिंड उघडलेली असली तर बातलवरून मनालीला उतरायचं. आता सुध्या म्हणतो, स्पिती म्हटल्यावर कच्च्या रस्त्याचा, उंच ठोकळ्यांच्या नक्षीचा बटन टायरच पाहिजे, कॉन्टिनेंटलचा टीकेसी ८० टाक. सुध्याची गाडी गंगापूर रोडवरच्या कॅफेबाहेर उभी असते, त्याला बटनं शोभतात. अरे, नाशिकपासून पायथ्यापर्यंत जाऊन-येऊन सगळं डांबर आणि काँक्रीट, धुळ्याच्या पुढे जूनमध्ये रस्ता भट्टीसारखा. तिथे ती उंच बटनं वळवळतात, तापतात, स्पिती यायच्या आत निम्मी उतरतात. लोसर ते ग्राम्फूच्या दगडधोंड्यासाठी एवढा खर्च? तेवढ्या पट्ट्यात मी पहिल्या गिअरमध्ये जाईन, मुक्ता उतरून चालेल. तसंही बटनं घासायची असतील तर कुंभासाठी आपलं अख्खं शहर खणून ठेवलंय, स्पितीला कशाला जायचं?

मग उरतात टिकणारे. हायडेनाउ के६० स्काउट नि मितास ई-०७, दोघांची ख्याती एकच, संपता संपत नाहीत. स्वस्तात शिंको ७०५. हायडेनाउच्या मागच्या टायरला मधोमध अखंड रबराची पट्टी असते, म्हणून तो हायवेला झिजत नाही. वेगाचं अक्षर टी, म्हणजे जास्तीत जास्त ताशी १९०, मूळ टायर व्ही, २४०. माझं ११० च्या पुढे गेलं की कानात सुजाता बोलायला लागते, तेव्हा टी भरपूर झाला. वजनाचा आकडा ६९, म्हणजे एका टायरला ३२५ किलो. मी, मुक्ता, सामान आणि गाडीचे २१६ किलो धरले तरी मागच्या चाकावर तेवढा भार येत नाही. हिशेब बसतो. समज, वीस हजारांचा टायर दहा हजार किलोमीटर चालला तर किलोमीटरला दोन रुपये. चौदा हजारांचा सातच हजार चालला तरी दोनच. म्हणजे स्वस्त टायर स्वस्त नाही आणि महाग महाग नाही, आणि दोनदा काढा-घालायची मजुरी वेगळीच. कावळे सरांनी शाबासकी दिली असती.

पण परत येताना जुलै लागलेला असणार. आपल्याकडे धुकं आणि पाऊस. आणि इथे, पक्या, तुझा तो टायर मला आठवतो. "हा संपतच नाही रे" म्हणून तू तिसऱ्या वर्षी मिरवत होतास. नाही संपत, कारण रबर दगड झालं होतं. तू अजूनही म्हणतोस, कसाऱ्याच्या घाटात त्या वळणावर पडलो कारण डिझेल सांडलं होतं. मी खाली बसून बोट फिरवून वास घेतला होता, डिझेल-बिझेल काही नव्हतं. मन्या साक्षीला आहे. तुझ्या गुडघ्यातला स्क्रू तुझी बाजू घेतो म्हणून मी त्या दिवशी गप्प बसलो, पण मत बदललेलं नाही. कडक रबर टिकतं खरं, पण ते तापत नाही, आणि ओल्या डांबरावर गार रबर धरत नाही. हायडेनाउची ती मधली पट्टीच पावसात घसरते म्हणून बदनाम आहे. एकटा असतो तर हळू चालवीन म्हणून घेतलाही असता. मागे मुक्ता बसणार म्हटल्यावर हात पुढे जात नाही.

म्हणून माझं मन सध्या मिशेलिन अनाकी ॲडव्हेंचरवर आहे. ८० टक्के रस्ता, २० टक्के कच्चा. मध्ये कडक रबर, कडांना मऊ, आणि सिलिका असल्याने ओल्यात पकड. मितासइतका चालणार नाही, माहीत आहे. पण हवा नीट ठेवली तर बरीच भर पडते. गाडीच्या पुस्तकात एकट्याला मागे ३६ पीएसआय, दोघांना ४१. आपल्याकडे पंपावर कोणीही ३० मारतो, वर उन्हात तापलेल्या टायरमध्ये मोजतो. मी मागच्या महिन्यात स्वतःचा गेज घेतला, सकाळी गार टायरवर मोजतो. शेजारचे जोशी गॅलरीतून बघतात, त्यांना वाटतं मी गाडीची शुगर तपासतोय.

पुढचा टायर अर्धा शिल्लक आहे. मागचे दोन जातात तेव्हा पुढचा एक जातो, त्या हिशेबाने तो चालावा. तरी पुढे जुना नि मागे नवा, आणि दोघांच्या जाती वेगळ्या, हे मनाला पटत नाही. दोन्ही बदलले तर मुक्ताच्या पुण्याच्या खोलीचं डिपॉझिट कुठून काढू? तू काय करशील सांग. फक्त "दोन्ही बदल, पैसे मी देतो" असलं काही बोलू नकोस. मागच्या वेळचे अजून तू परत घेत नाहीयेस.

अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? अथर्वची बारावी संपली का? नव्या फ्लॅटला पार्किंग आहे म्हणालास, बास, बाकी भिंती कोणत्याही रंगाच्या असोत. वहिनींना नमस्कार.

आता काम. तुमच्या बंगळुरात मोठ्या गाड्यांची दुकानं जास्त. तिथे अनाकीचा १५०/७० आर १७ असला तर भाव विचारून ठेव, पण पैसे द्यायच्या आधी चार अंकांचा फोटो पाठव. वर्षाच्या आतला असेल तरच. आणि विकणारा "एकदम फ्रेश स्टॉक सर" म्हणाला तर दोनदा बघ.

तुझा,
नंदू

ता. क. मितास अगदीच स्वस्त मिळत असला तर त्याचाही भाव विचार. घेणार नाही, पण विचार.