आरशात नसलेलं कुत्रं

लंडनच्या काकूंना,
सा. न.

तुमची-माझी ओळख म्हणजे शेजारच्या वहिनींनी दिलेला एक फोन नंबर. तरी ऐन थंडीत दोन बस बदलून तुम्ही नॅशनल गॅलरीत गेलात आणि माझ्यासाठी चित्रातल्या एका कुत्र्यासमोर पाऊण तास उभ्या राहिलात. व्हॉट्सॲपवर हात जोडून हे फिटणार नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

चित्रकलेच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला मी आजोबांचं व्यक्तिचित्र करत होते, पायाशी मोत्या. कुत्रा म्हणजे निष्ठा, हे पहिल्या वर्षापासून घोकलेलं. त्यात दत्ताच्या पायाशी चार कुत्रे म्हणजे चार वेद, हे लहानपणापासून ऐकलेलं. चित्रात कुत्रा दिसला की अर्थ लावायचा आणि पुढे सरकायचं, असंच वळण पडलं होतं. आधाराला चित्रकार यान व्हॅन आयकचं १४३४ मधलं, तुमच्या नॅशनल गॅलरीतलं ‘अर्नोल्फिनी दांपत्य’ हे चित्र होतंच. बरोबर पाचशे वर्षांनी, १९३४ मध्ये, कलेचा इतिहासकार एर्विन पानोफ्स्कीने त्या जोडप्याच्या पायाशी उभ्या कुत्र्याला वैवाहिक निष्ठेची खूण म्हटलं. युरोपात बायकांच्या थडग्यांवर पायाशी कुत्रं कोरत, हा त्याचा दाखला. मला त्यावर शंका नव्हतीच. मला फक्त केस कसे रंगवलेत ते जवळून बघायचं होतं.

तुम्ही व्हिडिओ कॉल लावलात आणि आधी हसलात. “एवढुसंच आहे गं हे!” ८२ बाय ६० सेंटीमीटरची फळी, मी मात्र भिंतभर चित्र मनात धरलेलं. मग फोन जवळ नेलात. एकेक केस सुटा काढलेला, आणि ते कुत्रं सरळ आपल्याकडे बघतंय. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “मला चित्रातलं काही कळत नाही, पण आरशात कुत्रं कुठाय?”

मागच्या भिंतीवरच्या फुगीर आरशात नवरा-बायको पाठमोरे दिसतात, खिडकी दिसते, दारात आलेली दोन माणसंसुद्धा दिसतात. कुत्रं नाही. चार वर्षं मी हे चित्र बघत होते, काकू!

त्या रात्री वाचत बसले. इन्फ्रारेड तपासणीत त्या कुत्र्याचं रंगाखालचं कच्चं रेखाटन सापडलेलंच नाही. ते मागाहून, थेट रंगात आलंय. निष्ठा आयत्या वेळी आठवली म्हणायची? की असं मांडीवरचं कुत्रं परवडणं हीच श्रीमंती होती, ती दाखवायची राहून गेली होती? मला दुसरं जास्त पटतं. इटालियन चित्रकार तिशियनने १५२९ च्या सुमारास रंगवलेला मांतुआचा सत्ताधीश फेदेरिको गोंझागा बघा. पांढरं केसाळ कुत्रं लाडाने त्याच्या अंगावर पंजा ठेवतंय. तेव्हा साहेबांच्या लग्नाच्या वाटाघाटी चाललेल्या आणि त्यांची प्रेमपात्र बाई सगळ्या मांतुआला ठाऊक. तिथली निष्ठा म्हणजे स्थळ बघायला येणाऱ्यांपुढे ठेवलेले पोहे.

मग मी तुम्हाला स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने रंगवलेला स्पेनचा राजपुत्र फेलिपे प्रोस्पेरो पाठवला, १६५९ चा. तुम्ही नर्स होतात हे मला तुमच्या उत्तरावरून कळलं: “या मुलाचं रक्त तपासलं होतं का?” पांढराफटक चेहरा, अंगावर ताईत आणि घुंगरू, दृष्ट लागू नये म्हणून. शेजारच्या खुर्चीत एक छोटं कुत्रं, हनुवटी खुर्चीच्या हातावर. सगळ्या चित्रात तेवढंच ठणठणीत. मुलगा चार वर्षांचा व्हायच्या आत, १६६१ मध्ये गेला. चरित्रकार पालोमिनो म्हणतो, ते कुत्रं वेलास्केझच्या फार लाडकं होतं. तिथे कसलं प्रतीक शोधायचं?

मी मोत्याचा मूळ फोटो परत काढला. चित्रात मी त्याला आजोबांकडे बघायला लावलं होतं, निष्ठेपायी. फोटोत तो मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतोय. त्याला भाकरी आजी घालायची.

मान खरवडून काढली, पुन्हा रंगवली. कान दोनदा बिघडला. सरांनी विचारलं, कुत्रा बाहेर का बघतोय? मी म्हटलं, तिथे कोणीतरी आहे.

आजीने चित्र पाहिलं आणि म्हणाली, “अकरा वाजले असतील.”

फोटो सोबत पाठवतेय. वहिनींकडे तुमच्यासाठी कांदा-लसूण मसाल्याची बरणीही दिलीय, एक किलोची. बॅगेत आडवी ठेवू नका म्हणावं.

तुमची,
कोल्हापूरची कुत्रेवाली