चित्र रेडिओलारियाचे, नाव फोरॅमिनिफेराचे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत तरंगत्या एकपेशीय सागरी जीवांवर पानभर लेख आला, हे स्वागतार्हच आहे. मात्र छायाचित्राखाली ‘फोरॅमिनिफेरा’ असे छापले असले, तरी काचेच्या जाळीदार घंटेसारखी ती आकृती रेडिओलारिया या दुसऱ्याच एकपेशीय जीवगटातील नॅसेलारिया या उपगटाची आहे. या सर्व तरंगत्या जीवांची कवचे चुन्याची असतात, हे लेखातील विधानही बरोबर नाही.

तरंगत्या फोरॅमिनिफेराचे कवच कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्या खनिजाचे असते. जीव वाढतो तसा एकेक कप्पा जोडत जातो, आणि हे कप्पे बहुधा चक्राकार मांडलेले असतात. शेवटच्या कप्प्याचे मुख कुठे उघडते, भिंतीवरची छिद्रे केवढी आहेत, काटे गळून गेले असतील तर त्यांचे बुंधे भिंतीवर राहिले आहेत का, यावरून प्रजाती ओळखतात. ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा ही प्रजाती तर अखेरचा कप्पा असा गोल बांधते, की आधीचे सगळे कवच त्याच्या पोटात जाते. रेडिओलारियाचा सांगाडा मात्र सिलिकाचा, म्हणजे काचेसारख्या द्रव्याचा असतो. त्यामुळे चार-पाच किलोमीटरपेक्षा खोल तळावर, जिथे कॅल्साइट विरघळून जाते, तिथल्या गाळात काही भागांत हेच सांगाडे भरलेले आढळतात. अकँथारिया या आणखी एका तरंगत्या गटाचा सांगाडा स्ट्रॉन्शियम सल्फेटचा. तो जीव मेल्यावर विरघळतो.

नुसत्या आकारावर विसंबून वर्गीकरण फसते, हेही लेखात यायला हवे होते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ दॉर्बिन्यी यांनी 1826 मध्ये फोरॅमिनिफेरा चक्क माखलीच्या वर्गात बसवले होते. ते एकपेशीय असल्याचे 1835 मध्ये फ्रेंच जीवशास्त्रज्ञ द्युजार्दँ यांनी दाखवले. पूर्वी रेडिओलारियात गणले जाणारे फीओडारिया तर जनुकीय पुराव्यामुळे अलीकडे सर्कोझोआ या वेगळ्या एकपेशीय गटात गेले.

विद्यार्थ्यांनी जुहूची वाळू भिंगाखाली पाहावी, ही लेखकाची सूचना उत्तम आहे; पण तिथे मिळतील ते प्रामुख्याने ‘अमोनिया’ नावाच्या (वायू नव्हे) प्रकारासारखे तळाशी राहणारे फोरॅमिनिफेरा. मान्सूनच्या इतिहासासाठी अभ्यासतात ती ग्लोबिजेरिना बुलॉइडीस ही तरंगती प्रजाती अरबी समुद्राच्या खुल्या पाण्यातली असून तिची कवचे तळाच्या गाळातून काढावी लागतात. पुरवणीतील कात्रणे मुले प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात, म्हणून पुढच्या अंकात योग्य नावासह चित्र पुन्हा छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई