शेअर परत घेतला तरी विक्री ही विक्रीच

संपादक महोदय,

मार्च जवळ आला की ‘शेअर विका, परत घ्या आणि कर वाचवा’ हा सल्ला मोबाइलवर फिरू लागतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे, आणि त्याचा भुर्दंड छोट्या गुंतवणूकदारालाच बसतो.

पैसे बँकेत आलेच नाहीत, त्याच शेअरमध्ये परत गेले, म्हणून कर नाही, ही समजूत आधी सोडायला हवी. विक्री झाली की नफा-तोटा ठरला. शेअर बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवला असेल तर वर्षातल्या १.२५ लाखांपर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के. त्याआधी विकला तर अल्पकालीन नफ्यावर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत.

समजा, वर्षाहून आधी २०० रुपयांनी घेतलेले ५०० शेअर ४२० ला विकले. नफा १ लाख १० हजार, म्हणजे करमुक्त मर्यादेत. दुसऱ्या दिवशी तेच ४२२ ला घेतले की नवी खरेदी किंमत २ लाख ११ हजार धरली जाते, म्हणजे पुढच्या विक्रीत नफा तेवढा कमी दिसतो. एसटीटी (शेअरच्या खरेदी-विक्रीवर लागणारा कर) आणि मुद्रांक शुल्क मिळून साधारण साडेचारशे रुपये जातात, दलाली वेगळी. इथवर फायदाच आहे. पण बारा महिन्यांची मोजणी नव्या खरेदीपासून सुरू होते, हे सहसा कोणी सांगत नाही. हेच शेअर सहा महिन्यांनी ५०० ला विकावे लागले तर ३९ हजारांच्या अल्पकालीन नफ्यावर ७,८०० रुपये कर. मार्चमध्ये हातच लावला नसता तर दीड लाखाचा दीर्घकालीन नफा, त्यातून १.२५ लाख वजा, आणि कर फक्त ३,१२५ (उपकर दोन्हीकडे वेगळा). वर्षभरात पैसे लागणार असतील तर या फंदात पडू नये.

सर्वांत जास्त घोळ होतो तो एकाच दिवशी विक्री आणि खरेदी केल्याने. एकाच खात्यात तसे केले की तो इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी सुरू होऊन संपलेला व्यवहार ठरतो. डिमॅटमधून (शेअर ठेवण्याच्या खात्यातून) शेअर हलतच नाहीत, जुनी किंमत तशीच राहते आणि फरकाची रक्कम सट्टा व्यवहारात धरली जाते. विवरणपत्राचा फॉर्मही बदलतो. म्हणून खरेदी दुसऱ्या दिवशीच करावी. मधल्या काळात भाव वर गेला तर तो धोका आपला.

नफ्यातून तोटा वजा करून कर कमी करण्यासाठी तोट्यातले शेअर विकतानाही सावध राहावे. एका डिमॅट खात्यात आधी आलेले शेअर आधी विकले गेले असे धरतात. १५० ने घेतलेले जुने ३०० आणि ४५० ने घेतलेले नवे २०० शेअर एकाच खात्यात असतील आणि ४०० ला २०० विकले, तर १० हजारांचा तोटा नव्हे, ५० हजारांचा नफा दिसेल! हिशेब खातेनिहाय होतो, म्हणून नवी खरेदी वेगळ्या खात्यात ठेवणे सोयीचे.

अमेरिकेत ३० दिवसांच्या आत तोच शेअर परत घेतला तर तोटा वजा करता येत नाही. आपल्याकडे तसा सरसकट नियम नाही. मात्र अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, तर दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच.

– एक करसल्लागार