मशीन माळ्यावरून काढलं

प्रिय शुभे,

गणपतीपासून फोन नाही, पत्र नाही. शिव्या आधी देऊन घे. शुगर ठीक, गुडघा तसाच.

काचेचे मणी करायचं माझं खूळ आता घरात आलंय. मागच्या बाल्कनीत टेबलावर सिमेंट शीट, वर एक्झॉस्ट पंखा. सिलिंडर बाहेर गच्चीत, कारण गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साठतो. विजेची छोटी भट्टी आणली. मणी ५१० अंशांच्या आसपास ठेवून रात्रभर निववायचा, नाहीतर सकाळी दोन तुकडे हातात. डिडिमियमचा चष्मा लावला की तापल्या काचेतला सोडियमचा पिवळा भडका दिसत नाही, पण मी जांभळ्या डोळ्यांचं घुबड दिसते. हस.

(बीएस्सीला केशनलिका ओढताना ती नळी तूच फोडलीस. दंड मी भरला.)

अडलंय ऑक्सिजनवर. नुसत्या गॅसवर काच फार रेंगाळते. मोठं ऑक्सिजन सिलिंडर घरात नको वाटतं. शिकवणारी सहज म्हणाली, "हवेतून ऑक्सिजन काढणारा पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर पुरेल, २०२१ नंतर घरोघरी पडून आहेत." घरोघरी! तू नाशिकहून रात्री गाडीत घालून आणलेला आमच्या माळ्यावर आहेच की. अण्णांना नऊ दिवस लावलेला.

परवा आई देवळात गेल्यावर काढला. तिने अण्णांच्या लुंगीची खोळ शिवलीय त्याला, नाडीसकट. नळी काच वितळवायच्या नव्या टॉर्चला जोडली, बटण दाबलं. तीच घरघर, मध्येच तो फुस्स. पिवळी, काजळी धरणारी ज्योत निळी झाली, सुईसारखी. बघता बघता काच काकवीसारखी लोंबायला लागली. मला इतका आनंद झाला, की लाज वाटून बंदच केलं.

मागे आई. एक चप्पल अजून पायात.

"कोणाला लावलंस गं?"

"काचेला," म्हटलं. काही बोलली नाही. खोळ उचलून धुवायला घेऊन गेली. ती वाळून घडी होऊन कपाटात गेली, मशीनवर परत घातली नाही. ह्याचा अर्थ काय लावू? वापर म्हणतेय, की रागावलीय? पडून राहिलं तर आतलं नायट्रोजन शोषणारं झिओलाइट दमट हवेनं जातं, हे मला कळतं. हे विकून दुसरं तसंच आणणं मूर्खपणा, तेही कळतं. आणि पैसे तू शेवटपर्यंत घेतले नाहीस, म्हणजे मशीन अर्धं तुझंच. तू सांग. माझ्या भावाला विचारू नकोस, तो भाव सांगेल.

मिहिरची बारावी कशी चाललीय? सासूबाईंचा मोतीबिंदू काढला का?

फिल्टर कसा धुवायचा तो कागद तुझ्याकडेच राहिलाय. सापडला तर फोटो पाठव.

तुझी,
नंदी