तो भुंगा नाही हो, चतुर आहे

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

परवा संध्याकाळी आमच्या रामबागेतल्या घरात ट्यूबलाइटवर एक बोटाएवढा लांब तपकिरी किडा येऊन आपटला आणि सगळ्यांनी चप्पल शोधायला सुरुवात केली, सूनबाई म्हणे भुंगा आहे, डसेल. अहो, तो चतुर होता, तोही गायनाकँथा जातकुळीतला, आणि चतुराला मुळात नांगीच नसते!

हा मोठा चतुर तळ्यावर भर उन्हात घिरट्या घालणाऱ्यांपैकी नाही. दिवसभर झाडीच्या गर्द सावलीत फांदीला उभा लोंबकळून राहतो, वाळकं पान वाटावं असा, त्यामुळे राळामंडळच्या जंगलात फिरताना तुम्ही त्याच्या शेजारून गेलात तरी कळणार नाही. दिवेलागणीला मात्र बाहेर पडतो आणि डास, चिलटं उडता उडता पकडून खातो. मादीच्या शेपटाच्या टोकाला खाली दुहेरी काटा असतो, अंडी घालताना त्याचा उपयोग होतो. ग्रीकमध्ये गायनाकँथाचा अर्थच बाईचा काटा (नाव ठेवणारा बहुतेक लग्न झालेला असावा). पिल्लं डबक्यात वाढतात, त्यांचा खालचा ओठ घडी उलगडून झटकन पुढे जातो आणि भक्ष्य पकडतो, कल्ले आतड्याच्या शेवटी, कोष वगैरे काही नाही, सरळ कात टाकून पंख.

आम्ही लाइट बंद करून खिडकी उघडली, गेला बिचारा.

आपला,
एक वाचक, इंदूर